विंगेतली कुजबुज

"मागे घे." काकांचे डोळे मिटलेले आणि एक बोट हवेत. तीन महिन्यांत हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की घरी कोणी म्हटलं असतं तर मी फोडणीची कढईसुद्धा मागे ओढली असती.

काकांना आमच्या रबाळ्याच्या ऑफिसात बोलावलं मीच, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? नाटकावरून काढलेला एक जुना कृष्णधवल सिनेमा होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्यातले संवाद पडद्याखाली लिहायचे, हे आमचं काम. आवाज असा, की सगळी पात्रं घोंगडी पांघरून बोलतायत. काका त्या नाटकाचे प्रॉम्प्टर. शूटिंगलाही आडोशाला उभं राहून वाक्यं सांगायला तेच होते. आता सीवूड्सला मुलीकडे राहायचे.

वाक्य यायच्या आधी ते यांच्या तोंडात तयार. तरी खात्री करायचीच.

"अहो काका, बरोबर लिहिलंय की!"

"'गेले' नाही, 'गेलेत'. मागे घे."

एका 'त'साठी अख्खी सकाळ गेली. शेजारच्या गाळ्यातलं मशीन धडधडायला लागलं की हे भिंतीवर डाफरायचे, "शांतता!" आणि डबा उघडला की पहिली वडी मला. राग टिकवायचा कसा, तुम्हीच सांगा.

एका जागी मात्र आम्ही अडलो. नायिका घर सोडून निघालेली, दारात थबकते. ती गप्प, आणि त्या शांततेत कोणीतरी काहीतरी पुटपुटतं.

"हे काय आहे, काका?"

"काही नाही. गाळ."

"असं कसं गाळू? आवाज आहे तर लिहायला हवं."

"नाटकात नाही ते. गाळ म्हणतो ना!"

एका 'त'साठी जीव खाणारा माणूस अख्खं वाक्य गाळ म्हणतो! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी तेवढा तुकडा साफ करून घेतला आणि हेडफोन लावला. पुरुषी कुजबुज होती. "घाबरू नकोस. मी आहे इथे."

काका आल्यावर तेच लावलं. या वेळी बोट वर गेलं नाही.

"पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे होती पोरगी," ते म्हणाले. "वाक्य नव्हती विसरली, नुसती थरथरत होती. मला राहवलं नाही. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत गेला म्हणजे नाक कापलं गं. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. तू लिहू नकोस."

"अहो, पण किती छान आहे हे!"

"बाहेर सांग हवं तर. पडद्यावर नको. तो प्रसंग तिचा आहे, माझा नाही." आणि चक्क हात जोडले. म्हाताऱ्याचा भयंकर राग आला मला, आणि रडूही आलं. "बरं," म्हटलं.

सिनेमा वाशीला दाखवला तेव्हा काका नव्हते. महिनाभर आधीच गेले. त्यांची मुलगी एकटीच आली होती. दाराचा प्रसंग आला, पडद्याखालची जागा कोरी राहिली, आणि कान लावला तर ती कुजबुज मला अगदी स्पष्ट ऐकू आली.

खेळ संपल्यावर एक गृहस्थ तरातरा माझ्याकडे आले. "मॅडम, दाराच्या सीनला एक वाक्य राहिलंय तुमचं!"

"राहिलं नाही हो," मी खेकसलेच, "राखलंय."