साळूच्या पट्ट्यात बोटं जातात का?

माझ्या सख्ख्या चुलत्यांचा शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास नव्हता.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं.

तसा त्यांचा कुणावरच नव्हता. डेअरीच्या काट्यावर नाही, मोबाईलवरच्या हवामानावर नाही, डॉक्टरांच्या "काळजी करू नका"वर तर मुळीच नाही.
विश्वास फक्त गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर. तिचाही दोरा अधूनमधून ओढून बघायचे.

माझ्यावरचा संशय मात्र एका कुत्रीवरून होता.

ती बारामतीच्या कडेला, जळोचीत आमच्या फाटकाशी येऊन बसली होती. पिल्लू असताना कुणीतरी हौसेनं पट्टा घातलेला. पिल्लू वाढलं, पट्टा तेवढाच राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तो कापून काढला, तेव्हा गळ्याभोवती गोल जखम होती.

जखम भरली. भीती नाही.
कुणाचाही हात मानेकडं गेला की ती जमिनीला चिकटायची, थरथरायची आणि तिथंच मुतायची.

आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला. दिवसभर घर बंद. म्हणून तिला गावाकडं, वरकुट्याला तात्यांच्या वस्तीवर नेलं. ते एकटेच राहायचे.

तात्यांनी आधी तिच्या गळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कुणाची?"
"बेवारस आहे तात्या. सापडली."
"बेवारस कुत्र्याच्या गळ्याला पट्ट्याचा वण?"
"कुणीतरी सोडून दिली असेल."
"व्हय," तात्या म्हणाले. "आसं कुणीतरीच आसतं."

मग चौकशी सुरू. माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई, तुमी आधी कुत्रं पाळलं हुतं न्हवं?"
ती हसून म्हणाली, "तात्या, आमच्याकडं मोगरा टिकत नाही, कुत्रं कुठलं टिकणार?"
तात्यांना तो पुरावाच वाटला.

कुत्रीचं नाव त्यांनी साळू ठेवलं. साळू उसाच्या कडेला बसायची, तात्या बांधावर. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून.

तेवढ्यात शेजारच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या भटकी कुत्री न्यायला लागली. पोल्ट्रीवाला येऊन सांगून गेला, "तात्या, गळ्यात पट्टा दिसला तर तुमची म्हणून सोडीन. मोकळ्या गळ्याची दिसली तर इचारत बसणार न्हाय."

म्हणजे पट्टा हवाच. आणि तोही त्याच गळ्यात.

मी बारामतीतून लाल नायलॉनचा पट्टा नेला.
"दुकानदार म्हणाला, एकदम सॉफ्ट आहे."
"त्यानं घालून बघितलाय का?"

आणि तात्यांनी तो स्वतःच्या गळ्यात बांधला.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते तसेच उसाला पाणी धरायला गेले. संध्याकाळी मान पुढं केली. माळेच्या वर लाल रेघ उठली होती.
"हितं चावतंय. कड बघ ह्याची. घाम आला की करवत हुतीया."

दुसरा चामड्याचा नेला. तात्या माळकरी. तो त्यांनी हातातही घेतला नाही.
"जे माझ्या गळ्याला चालत न्हाय, ते तिच्या गळ्याला कसं चालंल?"

तिसऱ्याला घुंगरू होतं. तो दुपारीच काढून फेकला.
"आरं, आपण हलायचं आन् आपल्याच गळ्यात वाजायचं? भ्यालेलं माणूस येडं हुईल."

चौथा मी नेलाच नाही.

तात्यांनीच जुन्या बाजेची नवार काढली. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेली सुती पट्टी. कडा आत दुमडून शिंप्याकडून शिवून घेतल्या आणि जुन्या दप्तराची प्लास्टिकची क्लिप लावली. वाजणार नाही, टोचणार नाही असा पट्टा.

तो गळ्यात घालून डेअरीवर गेले.
"तात्या, साखळी घरी इसरला व्हय?" एकानं विचारलं.
"तुझ्यासाठी ठिवलीय. दूध घालून झालं की ये."

काही दिवस त्यांनी तो वापरला. मग काढून साळूच्या भाकरीशेजारी नुसता ठेवून दिला. तिनं हुंगला. त्याला तात्यांच्या घामाचा, तंबाखूचा, बुक्क्याचा वास.
एका सकाळी ती खात असताना त्यांनी तो हळूच तिच्या गळ्यात अडकवला.

ती एकदा शहारली.
आणि परत खायला लागली.

मी म्हणालो, "जमलं तात्या!"
तात्यांनी पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. "आज जमलं. उद्या अंग भरंल. बघायला कोण येणार? तू?"

गेल्या वर्षी तात्यांना बारामतीला ॲडमिट केलं. साळूला आम्ही घरी आणलं.
मी भेटायला गेलो. त्यांनी रिपोर्टबद्दल काही विचारलं नाही.

"पट्ट्यात बोटं जात्यात का?"
"जातात तात्या."
"किती?"
"दोन."
"कुणाची? तुझी का माझी?"

मी माझी बोटं बघितली. पेन धरणारी. त्यांचं एक म्हणजे माझी दीड.

"तुझी तीन गेली पायजेत," ते म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "दत्तू, आता तरी खरं सांग. तूच सोडलीवतीस न्हवं तिला?"
"नाही तात्या. पांडुरंगाची शपथ."
"शपथ कुणीबी घेतं. बोटं घालत जा."

ते आमचं शेवटचं बोलणं.

घरी येऊन मी साळूजवळ बसलो. हात पुढं केला, ती जमिनीला चिकटली. मी हात तसाच ठेवला, तात्यांनी पट्टा हुंगायला दिला होता तसा. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.
तिसरं बोट जात नव्हतं. पट्टा सैल केला.

तेव्हापासून सकाळी देवाला फूल वाहिलं की पहिलं काम तेच.

ती अजून माझ्याकडं पाठ करून झोपत नाही. एक डोळा माझ्यावर असतो. कुणाची शिकवण आहे, ते मला माहीत आहे. माझी तक्रार नाही.

तात्या, आज सकाळीही बघितलं. माझी तीन बोटं जातात.

खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

तुम्हाला साळूचा आणि माझा नमस्कार.