धाटानं तपासलेलं डोकं

ज्वारीच्या धाटानं त्यानं माझा पदर मागं सारला. रांगेत पंधरा-वीस माणसं. सगळ्यांसमोर माझं डोकं उघडं. खपल्या, पू, मधेच टक्कल. आमच्या गावच्या दवाखान्याचा हा कंपाउंडर. आमच्या दलित वस्तीतल्या माणसाला हात लावायचा नाही, म्हणून ते धाट त्यानं कोपऱ्यात ठेवलेलं असायचं.

"आंगुळ करीत न्हाईत ह्या. मळानं सडलंय," तो रांगेला म्हणाला. "हिची चुंबळ कुणी घिऊ नका गं."

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गाव तसंही आमच्याशी धड बोलत नव्हतं. आता वस्तीतल्या बायाही लांब झाल्या. ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ आम्ही एकमेकींची वापरायचो. आता माझी कुणी घेईना, मला कुणी देईना. मुकादमानं कामावरून काढलं.

आणि सगळ्यात वाईट सांगते. मलाही ते खरं वाटलं. रोज न्हाणारी मी, धुण्याच्या सोड्यानं डोकं घासायला लागले. रक्त येईस्तोवर.

अंगावरच्या सुजेसाठी वर्षभर परभणीच्या मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. पुढच्या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी माझे केस बाजूला केले. खपली खरवडून काचेवर घेतली, तपासली.

"हा मळ नाही, बाई. डोक्यातला नायटा आहे, बुरशीचा. मोठ्या माणसांना सहसा होत नाही. सुजेच्या गोळ्यांनी तुमच्या अंगातली ताकद कमी झाली, म्हणून झाला. तो सोडा आधी बंद करा."

मी तिथंच रडले. दुखण्यानं नाही. इतके दिवस मी स्वतःला घाण समजत होते, त्याचं रडू आलं.

दोन महिने गोळ्या खायच्या होत्या. चिठ्ठी घेऊन मी गावच्या दवाखान्यात गेले. त्यानं परत धाट उचललं. मी ते धरलं आणि मोडलं.

"हातानं बघा. न्हाईतर बघू नका."

"मंग औषध मिळायचं न्हाई तुला."

"नका देऊ."

मी निघाले. मग गोळ्यांसाठी दर पंधरवड्याला परभणी. चार मैल पायी, पुढं एस्टी. लय थकायची. वाटेत बसायची, पुन्हा उठायची.

डोकं बरं झालं. दोन जागी केस आले नाहीत ते नाहीतच. कामही सगळं परत मिळालं नाही. पण ज्याला माझं दुखणं बघायचंय, त्याला मला हात लावावा लागेल. ही अट मी मरेस्तोवर सोडणार नाही.