मी जोडलेली रेघ

धुळ्याच्या त्या ऑफिसचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चीड मला माझीच येते.

खडकांचे नकाशे करणं हे माझं काम. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्याभोवतीचा भाग माझ्या वाट्याला आला होता. पाड्यासाठी एक विहीर मंजूर व्हायची होती, एकच, आणि ती कुठे खणायची हे माझ्या नकाशावर ठरणार होतं. आमच्याकडे सगळा काळा दगड. त्याला कधीकाळी तडे गेले, खालून तापलेला रस वर आला आणि तड्यातच थिजला, म्हणजे जमिनीत उभी भिंतच. तिला आम्ही डाइक म्हणतो. उतारावरून जमिनीतलं पाणी येतं ते या भिंतीला अडतं, म्हणून विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला घ्यायची.

पाड्यावरचे एक आबा तीन दिवस माझ्यासोबत हिंडले. मी दगड फोडायची, कंपास लावायची, ते बाजूला बसून बघायचे आणि म्हणायचे, "म्याडम, दगडले एवढं काय इचारतीस?" मी असोदा गावची, तिकडची बोली वेगळी, त्यामुळे ती ऐकून ते हसायचे आणि त्यांची ऐकून मी. चांगले दिवस होते ते, उगाच खोटं कशाला बोलू.

डाइक टेकडीवर लख्ख दिसत होता. खाली उतरला आणि आबांच्या वावराच्या बांधाशी काळ्या मातीत गडप झाला. सरळ पुढे गेला असेल तर वावराखालून जाणार. पण डाइक म्हणजे काही रेल्वेचा रूळ नव्हे, तो मध्येच संपतो, बाजूला सरकतो. आमच्या धंद्यात यासाठी रीत आहे. खडक डोळ्यांनी पाहिला तिथे अखंड रेघ, नुसता अंदाज असेल तिथे तुटक. मी वावरावर तुटक रेघ मारली आणि धुळ्याला आले.

साहेबांनी नकाशा पाहिला. "मॅडम, तुटक रेघेवर विहीर मंजूर होत नसते. खात्री आहे की नाही ते सांगा." मी म्हणायला हवं होतं, चार दिवस द्या, मशीन लावून जमीन तपासते. पण दुसऱ्या दिवशी असोद्याला चुलत बहिणीची हळद होती, आणि मला तिकडे जायची घाई. हळद! तुटक रेघेचे पाच तुकडे होते. मी तिथेच टेबलावर वाकून ते पेनाने जोडले आणि खाली सही ठोकली.

पाड्यावर बैठक झाली. बाया म्हणत होत्या, विहीर नाल्याकडे घ्या, तिथे होळीपर्यंत ओल असते. आबांनी माझ्या नकाशाची झेरॉक्स सगळ्यांपुढे धरली. म्याडमनी सोता पाहेल शे, म्हणाले. आपल्या वावराचा तुकडा त्यांनी विहिरीला देऊन टाकला. हे सगळं मला नंतर कळलं.

विहीर कोरडी गेली. ठणठणीत कोरडी. लोक खणायचं थांबवत होते तर आबांनी थांबू दिलं नाही, कागदावर पक्की रेघ आहे म्हणून अजून दोन पुरुष खोल खणायला लावलं.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले, तर आबा आपल्या दाराशी एकटेच बसलेले. सून डोक्यावर हंडा घेऊन नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून येत होती. पाड्यावर आता आबांना बैठकीला कोणी बोलावत नाही, असं तिनेच सांगितलं. विहीर आपल्याच वावरात यावी म्हणून म्हाताऱ्याने सगळ्यांना फसवलं, असं लोक तोंडावर म्हणतात.

"तुना काय दोष, म्याडम," आबा मलाच समजावत होते. "मन्हं वावरच करंटं शे."

मला ते ऐकवेना. "आबा, वावर करंटं नाही. डाइक तुमच्या वावराखाली गेलाच नसेल. तिथे मी तो पाहिलाच नव्हता, नुसता अंदाज होता."

आबांनी विचारलं, "तुनी पाह्यं नव्हतं?"

"नाही."

"आनि मी बठ्ठासले, आख्खा पाडाले सांगं, म्याडमनी पाह्यं म्हनीसन." ते काठी टेकून उठले. रागावले नव्हते, उलट त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला होता. "चाल. पाड्यामा चाल. हाईच बठ्ठासना समोर सांग."

पन्नास पावलांवर घरं होती. माणसं दारांत बसलेली दिसत होती. मी म्हटलं, "हो आबा, चला तुम्ही."

ते पुढे निघाले, मी मागून येतेय असं समजून. मी गाडीकडे गेले आणि सीटवर डुलक्या काढणाऱ्या ड्रायव्हरला हलवून उठवलं. आबांनी मागे वळून पाहिलं तेव्हा गाडी सुरू झाली होती.