पऱ्हाटीची पट्टी आणि शहाणी माणसं

बातमी छापून मोकळं होता येतं. न छापता येणारं मात्र डोक्यात साचत जातं. माझ्याकडे सगळ्यात जास्त साचलं ते भोकरदनजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत!

तिथल्या शैला मॅडम कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा लगदा करून पातळ पट्टी बनवतात. पट्टीत बारीक सेन्सर. मनगटावर चिकटवली की ती अंगाचा ताप आणि घाम मोजते. ऊन बाधायच्या आधीच वाजते. शेतात राबणाऱ्या बायकांसाठी. परवानगी देणाऱ्या सरकारी कमिटीनं होकार दिला तरच त्या उन्हाळ्यात पट्ट्या गावोगावी जाणार होत्या. एवढं साधं काम!

*

पऱ्हाटीचं पहिलं पोतं गेटवरच अडलं.

"मॅडम, कचरा बाहेर न्यायचा पास असतो. आत आणायचा न्हाई!"

मी वॉचमनशी तावातावानं भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आत सोडलं तर मंग तुम्हीच छापताल, कॉलेजात कचरा!"

*

दुसरं पोतं आत पोचलं. मॅडमनी काडी काडी निवडून ती पऱ्हाटी वाळवली. नेमके प्राचार्यांकडे पाहुणे आले आणि गॅस संपला.

शिपाई चहाचा ट्रे घेऊन खुशीत आला. "मॅडम, काय बराबर वाळवली हो! एका काडीत पेटली!"

मॅडमनी तो चहा घेतला नाही. मी घेतला. शिपायाशी भांडून घसा सुकला होता.

*

मी सरळ बातमी दिली. आमच्या डेस्कवरच्या शहाण्यानं मथळा ठोकला: 'कचऱ्यापासून डॉक्टर!'

सकाळीच मंठ्याहून फोन. "साहेब, माझ्याकडं दोन ट्रॉल्या पऱ्हाटी पडून हाय. किती डॉक्टर निघतील? आमच्या दवाखान्यात एकबी न्हाई!"

त्या माणसावर चिडता येईना. डेस्कवर मात्र यथेच्छ चिडलो.

*

केदारखेड्यात चाचणी होती. भर दुपारी मॅडमच्या मोबाइलवर, पट्टी लावलेल्या कौसाबाईंच्या तापाचा आकडा एकदम गार पडला. मॅडमचा चेहरा उतरला. आम्ही बांधावरून धावत सुटलो.

बाई मजेत कांदे काढत होत्या. मनगट रिकामं. पट्टी पाण्याच्या माठावर चिकटवलेली!

"नवी चीज हाय, मॅडम. घामानं खराब झाली असती की!"

*

शेवटी कमिटी आली. अध्यक्षसाहेबांनी पट्टी स्वतःच्या मनगटावर लावून घेतली आणि कॉलेजच्या उघड्या पटांगणात, कोट घालून, भाषणाला उभे राहिले. दहाव्या मिनिटाला पट्टी वाजली.

मॅडम पुढे झाल्या. "सर, सावलीत बसा. पाणी घ्या. कोट तरी काढा!"

"मला काही होत नाही, बाई! बंद करा ते!"

मॅडमनी बंद केलं. आणखी दहा मिनिटांनी साहेब माइकसकट आडवे झाले.

संध्याकाळी मॅडम आणि मी दवाखान्यात गेलो. साहेबांच्या डाव्या हाताला सलाईन होतं. उजव्या हातानं त्यांनी शेरा लिहिला आणि फाइल मॅडमकडे सरकवली:

'यंत्र विनाकारण वाजते. परवानगी नाही.'