इंटरव्हलबाई

पिक्चर सांगता सांगता हिरोला कुठंतरी लावून द्यायची खोड मी फक्त तिच्यातच बघितली. आमी कारेगावच्या खोल्यांमधल्या बाया नळावर हंडे घिऊन उभ्या, आन् ही भिताडाला टेकून सांगतीय. कुणी इचारलं, "अगं पण हिरो कुठाय?" की म्हणायची, "गेलाय दळण घिऊन. लाईट न्हाई, बसलाय गिरणीतच. हितं हिरोईन आन् तिची मैत्रीण, दोघीच हायेत. तू आईक." आन् गुंड दारात आले, आमचा जीव टांगणीला लागला, की हंडा उचलायची आन् "इंटरव्हल!" म्हणून चालू लागायची. म्हणून ती इंटरव्हलबाई.

शेजारची खोली तिची. पाटसकडची, एकटीच राहायची, कंपनीत प्याकिंगला होती. मी सासरच्या राहू गावावरनं नवी नवी आले तवा कडेवर तान्ही पोरगी आन् पोटात नुसती भीती. कुकरची शिट्टी झाली तरी मी पोरीला घिऊन भाईर पळायची, हायवे तर आजून बी जीव मुठीत धरून वलांडते. बाकीच्या हसायच्या. ही म्हणायची, "हिरोईन भितीच गं. पण भिताना बी क्यामेरा तिच्यावरच आसतो. तू पोस्टरच्या कोपऱ्यात कशाला उभी राहती?"

एका गुरुवारी कंपनीला सुट्टी, तर ती मला शिरूरला थेटरात घिऊन गेली. पोस्टरवर दोघी मैत्रिणी हातात हात घालून. आत बसलो तर जरा वेळानं त्या दोघी एका माणसापायी एकमेकीच्या झिंज्या धराय लागल्या. ही उठून उभीच राहिली. मागनं एक जण वरडला, "ओ ताई, खाली बसा की!"

"बसते की दादा. आधी ह्या दोघींना बसवा, जरा समजवा!"

आमी निघूनच आलो. भाईर भेळ खात तिनं ऱ्हायलेला पिक्चर सांगितला. दोघींनी त्या माणसाला एसटीत बसवून दिला आन् मिळून खानावळ काढली. मी म्हणाले, "आसला पिक्चर कोण काढंल?"

"काढाय लागलेत आता. बाया बी तिकीट काढत्यात न्हवं?"

मला तिच्या कंपनीत कामाला लागायचं होतं. पण माझे सासरे, आबा, मला आन् पोरीला राहूला न्यायला येणार होते, कायमचंच. हे म्हणाले, "माझी ना न्हाई, पण आबांना तूच सांग." आबांपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटती. मी रडाय लागले तवा इंटरव्हलबाईनं डोक्याला टावेल गुंडाळला, काजळानं मिशा काढल्या आन् खाटंवर बसली. "काय सूनबाई, पिशवी भरली का?" मी खरंच पिशवी हुडकाय लागले. "मग आसं कर, तू आबा हो, मी तू होते. बघ कसं बोलायचं ते." टावेल माझ्या डोक्यावर आला आन् काय सांगू, भीतीच पळाली! मग रोज सांच्याला मी आबाच व्हायची, टावेल सोडायचीच न्हाई.

खरे आबा आले. खाटंवर बसले. "पिशवी भरली का?" मी सगळं इसरले, आन् तोंडातनं घोगरा आवाज आला, "सूनबाई, गप का? मनात काय हाय ते सांग. मी काय वाघ हाय का?"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. दारात इंटरव्हलबाईनं तोंडात पदर कोंबला.

"ह्ये मी बोलायचं का तू?" आबा म्हणाले.

"तुमीच, आबा. पण तुमी कवा इचारतच न्हाई."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "बरं. इचारलं आसं धर. सांग."

मग मी एका दमात सांगितलं, मला कामाला जायचंय, ह्यांच्या आन् माझ्या कंपनीतल्या पाळ्या उलट्या घिऊ, पोरीला हे बघत्याल, मी राहूला येत न्हाई, चहा ठिवू का. आबांनी चहा घेतला आन् एकटेच माघारी गेले. जाताना म्हणाले, "सणाला तरी नातीला आणत जा."

मी तिच्याच कंपनीत, पण दुसऱ्या लाईनवर कामाला लागले आन् थोड्याच दिवसांत इंटरव्हलबाईची लाईनच बंद झाली. तिला चाकणला काम मिळालं. जायच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. मी गादीचं एक टोक धरलं होतं. म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय गं."

"मला बी. तिथं वळखीचं कुत्रं न्हाई."

ती बी भिती, ह्ये मला त्या दिवशी कळलं. मी काय बोलणार तेवढ्यात चौकात कंपनीच्या बसचा हारन वाजला. गादीचं टोक तिनं माझ्या हातातनं वढून घेतलं. "जा, खाडा नको."

दुपारी आले तर तिची खोली मोकळी. ती निघाली तवा मी लाईनवर खोक्यांना टेप लावत होते. मी तिथं उभं ऱ्हावं म्हणून तिनंच जिवाचं रान केलं होतं. आता मी यायच्या आत गेली म्हणून तिच्यावर रुसू तरी कशी?