हरभऱ्याच्या पिठाचा गोळा

काल आळंदच्या घरी लेकीच्या तान्ह्या मुलीला न्हाऊ घालायला हरभऱ्याचं पीठ दुधात भिजवलं, आणि त्या कच्च्या वासानं माझा हात थबकला.

बावीस वर्षांपूर्वी हीच लेक दत्तक घेऊन आम्ही घरी आणली होती. दीड महिन्याची, काळीसावळी. चार दिवसांवर बारसं आलेलं. सासूबाई म्हणाल्या, "घासून काढ गं. पाव्हणे इचारतील, कुणाचं लेकरू आणलाव म्हून."

मी घासलं. सासूबाईंच्या धाकानं नव्हे, लाज मलाच वाटत होती. पिठाचा गोळा पाठीवर, मांड्यांवर फिरवत राहिले. कातडी लाल झाली की वाटायचं, उजळायलीय. ती किंचाळायची, आणि तिला घासणाऱ्या माझ्याच हाताचं बोट घट्ट धरून ठेवायची. धरायला दुसरं होतं कोण तिला? बारशात जाऊबाई म्हणाल्या, "आईला कशी ओळखायलीय बघा!" मी हसले.

"आई, न्हाताना मी लई रडायची का गं?" लेकीनं काल विचारलं.

"न्हाई. लई गुणाची होतीस."

"मग हिला बी तूच न्हाऊ घाल," म्हणत तिनं आपली काळीसावळी पोर माझ्या मांडीवर ठेवली.