कोचीत परत आलेली चव

नितीनचा फोन सकाळी आला तेव्हा मी कणीक मळत होते. "काकू... आई गेली." अकोल्याला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत माझ्या नखांत ती कणीक वाळून बसली होती.

शांताबाई म्हणजे नितीनची आई, माझ्या मोठ्या जाऊबाई. मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा चुलीपासून माणसांपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हाताला अशी चव, की लग्नघरचा आचारीसुद्धा रस्सा त्यांना चाखायला द्यायचा. आणि त्याच बाईंना गळ्याचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे शेक घेतल्यावर गाठ गेली, पण जिभेची चवही गेली. नुसत्या सवयीनं मीठ टाकायच्या, आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. नितीननं मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली, सोबतीला मला पाठवलं. जहाज कोचीला थांबलं तेव्हा प्रवाशांसाठी खाऊगल्ल्यांची सफर होती. मी म्हटलं, "बाई, आपण जहाजावरच बसू." त्या चिडल्या. "काहून? मले चव नाई, डोये तर हायेत ना!"

वाट दाखवणारी मुलगी हसरी होती, हिंदीत बोलायची. प्रत्येक दुकानापुढे आधी चाखायची, काय लागतं ते सांगायची, मग आम्हाला द्यायची. अप्पम झालं, पुट्टू झालं. सगळे वाहवा करत होते. बाईही "मस्त हाये" म्हणत मुकाट चावत होत्या... मला बघवत नव्हतं. एका छोट्या खानावळीत केळीच्या पानावर तिनं आलं, चिंच आणि गुळाचं काळपट लोणचं वाढलं. बाईंनी बोट लावलं, चाटलं आणि थबकल्या. पुन्हा चाटलं. माझं मनगट घट्ट धरलं.

"सुमन... आंबट लागून राह्यलं वं मले!"

भर खानावळीत त्या रडायला लागल्या. मुलगी घाबरली, "आंटी, क्या हुआ?" मी सांगितलं. तिनं अख्खी वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

पुढचे काही महिने बाईंनी जीव लावून रांधलं, जीव लावून खाल्लं. मग दुखणं उलटलं. या वेळी घासच उतरेना, नळीनं पातळ जायचं. शेवटची भेटले तेव्हा घरच्यांसाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा नेला होता. डबा उघडताच वास त्यांच्यापर्यंत गेला.

"तू खाय माह्या समोर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "अन त्या कोचीच्या पोरीवानी सांग मले."

"मले नाई जमत, बाई."

"जमते. खाय."

मी खाल्लं. सांगत गेले... खसखस दाणेदार लागते, तिखट घशापर्यंत जातं, पातोडी मऊ झाली आहे, मीठ जरा कमी पडलंय. डोळे मिटून त्या ऐकत होत्या, ओठ हलत होते. "तू नेहमीच मीठ कमी टाकतं," म्हणाल्या, आणि हसल्या. तेच शेवटचं बोलणं.

आता जेवायला बसले की पहिला घास कसा लागला ते मी नकळत मोठ्यानं सांगते. सुनेला आधी वाटलं, स्वयंपाकाला नावं ठेवते. काल तिनं हळूच विचारलं, "आई, कोणाला सांगता?"

मी भाजीवर चिमूटभर मीठ घातलं आणि पुढचा घास घेतला.